गार पाण्याच्या नर्सबाई

डिसेंबरात पनवेलला पडते ती थंडी काही मोठी नव्हे, पण आमच्या आळीत तिचा मान पुरेपूर राखला जाई. पहाटे घरोघरच्या मागच्या पडवीत बंब धुमसत आणि म्हातारी माणसे कानटोप्या घालून त्यांच्याभोवती बसत. नेमक्या त्याच वेळी विहिरीपलीकडच्या अंगणात नर्सबाई एका स्टुलावर, गुडघ्यांच्या वर पातळ खोचून, दोन्ही पाय अर्ध्या कापलेल्या लाकडी पिपात सोडून बसलेल्या असत. पिपात गार पाणी. डोक्याला लोकरीचा रुमाल, खांद्यावर शाल, आणि तळहातावर ते घड्याळ, जे एरवी त्यांच्या छातीवर उलटे टाचलेले असे. दहा मिनिटे झाली की त्या पाय बाहेर काढत, खरबरीत पंच्याने लाल होईपर्यंत पुसत आणि विहिरीपासून शेवग्याच्या झाडापर्यंत वीस फेऱ्या घालत. पहिल्या दोन फेऱ्या पाहवत नसत. दहाव्या फेरीला पाय मोकळे होत, आणि सात वाजता नर्सबाई दवाखान्यात हजर असत.

गार पाणी म्हणणे सोपे आहे. विहिरीचे पाणी थंडीत पहाटे उलट कोमट लागते. म्हणून त्या ते आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर शेंदून, दोन पसरट मातीच्या कुंड्यांत भरून, उघड्या आभाळाखाली ठेवत. उन्हाळ्यात तेवढ्याने भागत नसे. मग उरणजवळच्या करंज्याहून मासळी घेऊन येणारी हिराबाई टोपलीच्या तळाशी भुशात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा आणी. “म्हावऱ्याचा बरफ तुमी गुडघ्याला लावता, नर्सबाय,” ती म्हणे, “चार दिस ताज्या ऱ्हाल.” नर्सबाई तिच्या हातावर थापट मारून बर्फ आत घेत. आळीतले लोक इतके प्रेमाने बोलत नसत. नर्सबाई म्हशीसारख्या डुंबत बसतात, असे कोणीतरी म्हटल्याचे त्यांच्या कानावर आले तेव्हा त्यांनी विचारले, “संधिवात झालेली म्हैस पाहिली आहे का कोणी?”

आमच्याकडे सांधे धरले की निर्गुडीचा पाला, तिळाचे तेल आणि तापवलेल्या विटेचा शेक. गार पाणी म्हणजे वाताला आमंत्रण, यात कोणाला शंका नव्हती. नर्सबाईंना हे गार पाणी सापडले ते त्यांच्या शनिवारामुळे. त्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. “तेल्यांची पोर मी, आणि तेलाच्या विरुद्ध बोलते,” असे म्हणून त्या स्वतःच हसत. चाळिशीनंतर गुडघे सुजू लागले तेव्हा त्याही सगळ्यांसारख्या शेकत. पण शुक्रवारी दिवस मावळला की त्यांच्या घरी विस्तव पेटत नसे, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. स्वयंपाक आदल्या दिवशीचा, आणि शेक नाही. गार पाण्याने पाय धुऊन त्या पडून राहत. वर्षभराने त्यांच्या लक्षात आले, की आठवड्यात गुडघे सर्वांत कमी तापतात तो दिवस शनिवार. आधी वाटले, विश्रांतीचा गुण असेल. मग नर्सच्या सवयीने त्यांनी एक बुधवार शेकावर काढला, पुढचा गार पाण्यावर, आणि असे दोन-तीन महिने करून वहीत लिहून ठेवले. वही त्या कोणालाही दाखवत. पाहायला मात्र कोणी मागत नसे.

मी त्यांच्या अंगणात गेले ती मागच्या दाराने. मी मुंबईला मामांकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. इंग्रजी सफाईने लिहीत असे, पण चार माणसांत कुठल्याच भाषेत बोलत नसे. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत माझी मनगटे आणि बोटांची पेरे सुजली. भूगोलाचा पेपर मी पेन मुठीत धरून लिहिला. घरी आले तेव्हा आईने दार लावून माझे हात पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, की मामींना कळलंय का. मला स्थळे पाहायला सुरुवात व्हायची होती. आमच्यात मुलीचे दुखणे दागिन्यासारखे कपाटात आत ठेवतात. माझ्या मावशीला दमा होता, तो तिच्या सासरी लग्नानंतर चार महिन्यांनी कळला, आणि ही हकिकत आमच्या घरी आजीची हुशारी म्हणून सांगितली जाते. शेकाने माझे हात आणखी तापले, तेव्हा आईने नाइलाजाने नर्सबाईंचे नाव काढले. कोणी विचारले तर मी त्यांची इंग्रजी पत्रे वाचून द्यायला जाते, असे सांगायचे ठरले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पाण्याला हात लावू दिला नाही. ताप येतो का, जिना चढताना धाप लागते का, छाती धडधडते का, असे त्या विचारत गेल्या आणि मी मान हलवत गेले. डॉक्टरांकडून छाती तपासून आणल्याशिवाय इथे यायचे नाही, असे त्यांनी आईला सांगितले. आई मला दवाखान्यात घेऊन गेली ती भर दुपारी, रस्त्यावर माणूस नसताना. हृदयाला काही नाही असे कळल्यावर नर्सबाईंनी घमेल्यात पाणी ओतले आणि माझी मनगटे स्वतःच्या हातांनी आत दाबून धरली. गार पाणी पहिल्या मिनिटाला चावते, मग जळते, मग आत खोल कुठेतरी ठणकते. मी ओठ आवळून बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले.

“सोसू नकोस. सोसलेलं मला दिसत नाही. काय होतंय ते तोंडाने सांग. बधिर व्हायला लागलं की हात बाहेर.”

मग मी सांगत गेले. आता चावतंय. आता जळतंय. आता करंगळी कळत नाही. घरच्यांखेरीज कोणापाशी मी माझ्या शरीराविषयी बोलले ते पहिल्यांदाच. हा आजार जाणार नाही, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगून टाकले. सूज उतरेल, दिवस निघेल, इतकेच. मला मात्र त्या बोलण्याचा आधार वाटला.

नर्सबाई दवाखान्यात मुख्यतः बाळंतपणे करत. पनवेल आणि आसपासच्या गावांतली किती मुले त्यांच्या हातांवर आली त्याची मोजदाद त्यांनाही नव्हती. रस्त्याने जाताना बायका त्यांना थांबवून पोर पुढे करत, आणि त्या पोराचे नाव विसरलेल्या असल्या तरी ते पायाळू होते की नाळ गुंडाळून आले होते हे त्यांना आठवत असे. एका बाळंतिणीची गोष्ट त्या पाण्यात पाय असताना पुन्हा पुन्हा सांगत. तिला लहानपणी झटके येत. माहेरच्यांनी ते सासरी सांगितले नव्हते, म्हणून सासूसमोर नर्सबाईंनाही सांगितले नाही. केसपेपरवर ‘पूर्वीचा आजार’ या शब्दांपुढे ‘नाही’ लिहिले गेले. ऐन वेणांत झटका आला. ती वाचली, मूल वाचले नाही. “माणसाशी एकदा खोटं बोला,” नर्सबाई म्हणत, “कागदाशी बोलू नका. माणूस खोडून सांगू शकतो. कागद पुढच्या माणसाला तेच सांगत राहतो.” मी ही गोष्ट निदान पाच वेळा ऐकली असेल. म्हणजे मला माहीत नव्हते असे मला म्हणता येणार नाही.

पत्रे वाचायला जाते ही थाप पुढे खरी झाली. नर्सबाईंचे यजमान मिठाच्या खात्यात होते, ते जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकुलती मुलगी दीना लग्नानंतर नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली होती. आळीतली त्यांच्यातली चार घरे तोवर तिकडे निघून गेली होती, दारांना कुलपे होती. दीना आईला मराठीत लिही, पण तिच्या पत्रांबरोबर येणारे, माणसे तिकडे नेण्याची व्यवस्था पाहणाऱ्या कचेरीचे कागद इंग्रजीत असत. नर्सबाईंचे इंग्रजी कानावरचे. डॉक्टर काय म्हणतात ते सगळे त्यांना कळे, औषधांची नावे त्या बिनचूक वाचत, पण टाइप केलेला कागद पुढे आला की चष्मा शोधत आणि मग तो माझ्याकडे सरकवत. नवरात्राच्या सुमारास दीनाचे पत्र आले, की तिला दिवस गेले आहेत आणि एप्रिलमध्ये बाळंतपण आहे. तिथे सगळी सोय आहे, तरी आई, तू असावीस. एवढेच वाक्य. नर्सबाईंनी ते मला दोनदा वाचायला लावले, मराठी असूनही. मग म्हणाल्या, “साऱ्या गावाची केली. माझ्या पोरीची कोण करणार?”

फेब्रुवारीच्या अखेरीस इस्राएलला राहायला निघालेल्यांची एक तुकडी मुंबईहून जाणार होती. तिच्यात नाव लागायचे तर अर्ज आधी भरून जायला हवा होता आणि जानेवारीत मुंबईला वैद्यकीय तपासणी होती. ती तुकडी चुकली तर पुढची केव्हा हे कोणी सांगू शकत नव्हते. अर्ज आला त्या दिवशी आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो. नाव, वय, हुद्दा, नोकरीची वर्षे असे करत दुसऱ्या पानावर आलो. तिथे विचारले होते, अर्जदाराला संधिवात, सांध्यांची सूज किंवा चालण्यास अडथळा आहे काय. मी ते मराठीत सांगितले. नर्सबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. लिही, म्हणाल्या, आहे. दोन्ही गुडघे आणि उजवं मनगट, नऊ वर्षं. सकाळी सूज असते, गार पाण्याने उतरते. एक दिवसही कामावर खाडा नाही.

माझे पेन त्या चौकटीवर थांबले. तेव्हा माझ्या मनात काय आले ते मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिले आहे. कारस्थान असे काही नव्हते. आमच्या घरात अशा प्रश्नाला एकच उत्तर असते आणि ते मी जन्मापासून ऐकत आले होते. मुलगी निरोगी आहे ना? हो हो, एकदम. मला वाटले, हे लोकही स्थळासारखेच नर्सबाईंना पाहणार आहेत, आणि यांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. बोलायला भिणारी मी कागदावर मात्र धीट होते. मी त्या चौकटीत दोन अक्षरांचा इंग्रजी नकार लिहिला.

“एवढं सगळं एवढ्याशा जागेत मावलं?” त्यांनी विचारले.

“इंग्रजीत थोडक्यात लिहितात,” मी म्हणाले.

त्यांनी सही केली. चष्मा आत होता, आणि मी वाचले होते.

पुढचे सहा आठवडे माझे हात जवळजवळ बरे होते आणि झोप मात्र येत नव्हती. नर्सबाई तयारीला लागल्या होत्या. सकाळच्या पाण्याबरोबर त्यांनी संध्याकाळचे पाणी सुरू केले. गुडघ्यांचा घेर सुतळीने मोजून सुतळीला गाठी मारत, आणि गाठ आत सरकली की मला दाखवत. बाळाची लंगोटी, झबली, काजळाची डबी एका ट्रंकेत जमत होती. दीना पहिलटकरीण, तिकडे थंडी, मग तिला हळिवाचे लाडू कसे न्यावेत, यावर त्या बोलत. मी मान हलवत असे. रोज जाताना ठरवी की आज सांगायचे, आणि रोज त्या इतक्या खुशीत असत की मी घमेल्यात हात घालून फक्त चावतंय, जळतंय एवढेच सांगे. एकदा त्यांनी मनगट दाबून पाहिले आणि म्हणाल्या, सूज नाही, मग चेहरा का असा. मी म्हणाले, काही नाही. ते माझे दुसरे खोटे, की तिसरे.

तपासणीला त्यांनी मलाच बरोबर नेले. एसटीने ठाण्यावरून गेले तर चार तास गुडघे दुमडून बसावे लागते, म्हणून त्यांनी उरणचा रस्ता धरला. लाँचमध्ये उभे राहता येते, असा त्यांचा हिशेब. मोरा बंदराच्या धक्क्यावर लाँचला अवकाश होता. नर्सबाई दगडी पायऱ्या एकेक करून उतरल्या, शेवटच्या पायरीवर बसल्या, पातळ सावरून घेतले आणि भरतीच्या पाण्यात गुडघ्यांपर्यंत पाय सोडले. धक्क्यावरची माणसे पाहत होती. मी घड्याळ धरून त्यांच्या मागे उभी होते. त्याच वेळी सांगायला हवे होते, अजून दोन तास हातात होते. पण धक्क्यावरची सगळी माणसे आमच्याकडे पाहत होती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला तो “दहा झाली” एवढाच.

कचेरी फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना. त्या उजवा पाय आधी टाकत आणि डावा त्याच्या शेजारी आणत. दर मजल्यावर थांबून पातळ नीट करत, दमल्याचे दिसू नये म्हणून नव्हे, दम लागला म्हणून. आतले डॉक्टर परदेशातून आलेले होते, मध्यमवयीन, सौम्य आवाजाचे. त्यांना मराठी येत नव्हते, म्हणून मला दुभाषी म्हणून आत घेतले. त्यांनी छाती तपासली, डोळे पाहिले, दात पाहिले. मग समोरच्या अर्जाचे दुसरे पान उलटले आणि सहज, जवळजवळ न विचारल्यासारखे विचारले, की सांधे ठीक आहेत ना.

मी प्रश्न मराठीत सांगितला. तेवढे मी सरळ केले. नर्सबाईंनी मराठीत उत्तर दिले, अर्जाच्या दिवशी दिले होते तेच, त्याच क्रमाने. गुडघे, मनगट, नऊ वर्षं, गार पाणी. आता ते इंग्रजीत सांगायची पाळी माझी होती. खरे सांगितले तर कागद खोटा ठरत होता आणि सही त्यांची होती. खोटे सांगितले तर त्यांना कळले असते. ‘पेन’ आणि ‘स्वेलिंग’ हे शब्द त्यांनी तीस वर्षे ऐकलेले होते. मी गप्प राहिले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

नर्सबाई माझ्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी पातळ गुडघ्यापर्यंत वर घेतले आणि दवाखान्यात बोलत तसे बोलू लागल्या. “पेन, सर. बोथ नी. मॉर्निंग स्वेलिंग. कोल्ड वॉटर, टेन मिनिट्स. देन फुल ड्युटी.”

डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवले. इथे तर तसे नाही, असे ते म्हणाले. नर्सबाईंना ते समजले. त्यांनी चष्मा काढला, घातला, पुढे वाकून त्या चौकटीतली दोन अक्षरे वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. बाळंतिणीचे पोट तपासताना हाताला काही वेगळे लागले की त्या थांबत, तशा त्या थांबल्या.

तेव्हा मी बोलले. अनोळखी माणसापुढे, मोठ्याने, इंग्रजीत मी म्हणाले, की हे मी लिहिले आहे. यांनी मला खरे तेच सांगितले होते. यांनी वाचलेले नाही.

डॉक्टरांनी त्यांचे गुडघे दाबून पाहिले, वाकवले, खाली बसून उठायला लावले. नर्सबाई उकिडव्या बसल्या आणि कशालाही न धरता उठल्या. गार पाण्याविषयी डॉक्टरांनी मलाच दोन-तीन प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. मग ते जे म्हणाले ते मला मराठीत सांगावे लागले. या गुडघ्यांनी काही अडले नसते. चालती-फिरती, काम करणारी नर्स त्यांना हवीच होती. पण सही एक सांगते आणि माणूस दुसरे, असा कागद त्यांना पुढे पाठवता येत नव्हता. नवा अर्ज, नवे दाखले, पुन्हा तपासणी. फेब्रुवारीची तुकडी यांच्याविना जाईल. हे सगळे मी एकही शब्द न गाळता सांगितले. नर्सबाई “बरं” म्हणाल्या.

परतीच्या लाँचमध्ये त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मी शेजारी. एलिफंटाचे बेट मागे पडले. मग त्यांनी इतकेच विचारले, की तुला काय वाटलं होतं, मला नापसंत करतील? मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, “मला विचारायचं होतंस.” पनवेलला पोचल्यावर त्यांनी मला दारापर्यंत सोडले आणि उद्या ये म्हणाल्या, नवा अर्ज लिहायचा आहे. मी गेले. या खेपेला त्या मला प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावत होत्या. चष्मा डोळ्यांवर होता. ते मला लागले, आणि लागायलाच हवे होते.

दाखले यायला वेळ लागला. दुसरी तपासणी मार्चच्या शेवटी झाली, दुसरे डॉक्टर, पाच मिनिटांत. नाव लागले ते पावसाळ्यानंतरच्या तुकडीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास तार आली. रात्रभराचे एक बाळंतपण आटोपून नर्सबाई दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या. पाय पिपात होते. मी तार उघडली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्यांनी हात जोडले, डोळे मिटून त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेतले काहीतरी पुटपुटल्या. मग विचारले, वजन लिहिलंय? नाही, मी म्हणाले. पायाळू होती? किती वेळ वेणा? कोण होतं जवळ? मी तारेचा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यावर पाच शब्द होते. त्या कागदाकडे पाहत राहिल्या. घड्याळ मांडीवर उलटे पडले होते. दहा मिनिटे होऊन गेली, पंधरा झाली, पायांची बोटे पांढरी पडली. त्यांना वेळ सांगायचा माझा अधिकार उरला आहे की नाही, मला कळेना. शेवटी मी खाली बसून त्यांचे पाय एकेक करून बाहेर काढले आणि पंच्याने पुसले. त्यांनी पुसू दिले.

त्यानंतर सहा महिने मी रोज जात होते. त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत, आणि तेच मला जड जाई. कुठल्यातरी बाळंतपणाहून परत आल्या की मी त्यांच्या तोंडाकडे पाहत असे. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना बांधाबांध करायला मदत करत होते. झबली आता मोठ्या मापाची शिवलेली होती. ती घडी करताना मी अखेर म्हणाले, की माझं चुकलं, मला माफ करा. वाटले होते, त्या म्हणतील, जाऊ दे गं, काही बिघडलं नाही. आमच्या घरी असेच म्हणतात.

त्यांनी ट्रंकेचे झाकण धरून ठेवले. “काही बिघडलं नाही असं मी म्हणणार नाही, पोरी. बिघडलं. माझी दीना माझ्याशिवाय बाळंत झाली, ते आता परत होणार नाही. तू वाईट मनाने केलं नाहीस, तेही खरं. दोन्ही असू देत.” मग त्यांनी माझ्या हातातले झबले घेतले आणि घडी मोडून पुन्हा नीट घातली.

त्या गेल्या त्या दिवशी एसटी स्टँडवर सारी आळी आली होती, कडेवर, बोटाला धरून, त्यांच्या हातांवर आलेली मुले. त्या एकेकाचे गाल कुरवाळत होत्या आणि बायकांना गुडघ्यांविषयी बजावत होत्या, शेकू नका, निदान एक शनिवार करून पाहा. बस सुटल्यावरही त्या उभ्याच होत्या, दांडीला धरून.

त्यांचे पहिले पत्र दिवाळीनंतर आले, मराठीत, मोठ्या अक्षरांत. आमच्या मागच्या दारी आई, शेजारच्या दोघी-तिघी आणि मासळीची टोपली उतरवून हिराबाई, अशा सगळ्या ऐकायला जमल्या. एरवी मी पत्र आईच्या हातात दिले असते. त्या दिवशी मीच मोठ्याने वाचले. प्रवास बरा झाला, गुडघे धरले होते, इथे नळाचे पाणीच बर्फासारखे आहे तेव्हा काळजी नाही. दीना बरी आहे. पुढे लिहिले होते, “नात आठ दिवस माझ्याकडे आली नाही. परक्या बाईकडे बघावं तशी बघायची आणि रडायची. नवव्या दिवशी आली.”

हिराबाई हळहळली. “आजी ती,” ती म्हणाली, “मंग पोर वळखत कशी नाय?”

आईने माझ्याकडे पाहिले. शेजारणी तिथेच उभ्या होत्या आणि त्यांच्यातल्या एकीच्या भाच्याचे स्थळ मला सांगून आले होते. मी पत्राची घडी घातली आणि त्यांना माझ्या हातांपासून सगळे सांगायला सुरुवात केली.